मागे पांढरं... पुढे खरं!

गावाकडचा मसाला, पापड, तांदूळ ऑनलाइन विकायचाय? माल तयार, लेबल तयार, उत्साह तर ओसंडून वाहतोय... पण फोटोचं काय? पांढऱ्याशुभ्र बॅकग्राऊंडचा फंडा समजून घ्यायला एक वीकेंड आंबेगाव-जुन्नरमध्ये!

शुक्रवारी रात्री साडेनऊला मावशीचा फोन. आवाज एकदम तापलेला. "अगं, मसाला चालतो म्हणे, पण फोटो चालत नाही! आता लोकांना मसाला खायचाय का फोटो?"

मावशी मंचरची. पुणे-नाशिक हायवेवर पुण्यापासून साधारण साठ किलोमीटर, आंबेगाव तालुक्यातलं मोठ्या बाजाराचं गाव. तिच्या हातचा काळा मसाला आमच्या अख्ख्या खानदानात फेमस. मासवडीचा रस्सा कुणाच्याही घरी होवो, मसाला मावशीचाच! वहिनींनी, म्हणजे तिच्या सुनेनं, या मसाल्याचा घरगुती ब्रँड करायचं मनावर घेतलं. सोबत नाचणीचे पापड, मध, तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या ओळखीच्या घरांतून येणारा हातसडीचा तांदूळ आणि हिरड्याची पावडर. अन्नपरवाना झाला, लेबलं छापून आली, एका शॉपिंग साइटवर दुकान उघडलं. आणि गाडी अडली ती फोटोवर!

आपल्यापैकी कितीतरी जणांची हीच स्टोरी आहे. आपण हिंजवडी नाहीतर खराडीत बसून एक्सेल शीट भरतो आणि गावाकडे आई, मावशी, वहिनी काहीतरी झकास बनवत असतात. "ऑनलाइन टाक ना!" हा सल्ला आपण जेवता जेवता देऊन मोकळे होतो. टाकायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हटलं, या शनिवार-रविवारी मॉलला सुट्टी. बॅग भरली, शिवाजीनगरहून नारायणगावची एसटी पकडली आणि मंचरला उतरले.

टेक वन : गोधडीवरचा मसाला

पहिले फोटो वहिनींनी प्रेमानं काढले होते. मागे आजीची गोधडी, बाजूला पितळी वाटी, दोन लाल मिरच्या, कोपऱ्यात दगडी खलबत्ता आणि मध्यभागी मसाल्याचं पाकीट. दिसायला छानच! पण साइटनं फोटो परत पाठवला. कारण? मेन फोटोत विकायची वस्तू सोडून दुसरं काहीही नको आणि बॅकग्राऊंड हवं पांढरं.

वहिनी वैतागल्या. "वाटी काय आम्ही फुकट देतोय असं वाटणार आहे का कुणाला?"

खरं सांगायचं तर, हो! गिऱ्हाईक लिस्टमध्ये एका वेळी वीस-पंचवीस फोटो बघतं, तेही अंगठ्यानं सरकवत. त्यात वाटी येणार का, मिरच्या मिळणार का, असा गोंधळ कुणालाच नको असतो. म्हणून मोठ्या साइट्सचे नियम कडक. अॅमेझॉनचंच उदाहरण घ्या. मेन फोटोचं बॅकग्राऊंड शुद्ध पांढरं, म्हणजे आरजीबी २५५, २५५, २५५. वस्तूनं फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. फोटोवर वेगळा मजकूर, लोगो किंवा वॉटरमार्क चिकटवायचा नाही. आणि झूम करून बघता यावं म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेल.

हे २५५ काय प्रकरण आहे? सोप्पं आहे. डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी बनतो. प्रत्येक आकडा शून्य ते २५५. तिन्ही शून्य म्हणजे काळाकुट्ट, तिन्ही २५५ म्हणजे पांढराशुभ्र. वेबपेजचं पांढरंही २५५च. त्यामुळे आपला फोटो २४० वर अडकला, तर नुसत्या डोळ्यांना तो पांढरा वाटतो, पण पेजवर चढवला की वस्तूभोवती मळकट चौकोन दिसतो. धुतलेल्या शर्टावर कॉलरचा डाग दिसावा तसा!

टेक टू : अॅपची जादू

मग मदतीला आला शेजारचा कॉलेजकुमार. "काकू, टेन्शन कशाला? अॅप आहे ना!" त्यानं तोच गोधडीवरचा फोटो अॅपमध्ये टाकला. पाच सेकंदांत गोधडी गायब, वाटी गायब, मागे दुधासारखं पांढरं. जाता जाता त्यानं 'एन्हान्स'चं बटणही दाबलं. मसाला असा लालभडक झाला की बघूनच ठसका लागावा! साइटनंही फोटो पास केला. वहिनी खूश, मावशी खूश, सगळं कसं एकदम कूल...

तीन आठवड्यांनी पहिला रिव्ह्यू आला. एक स्टार. खाली एकच शब्द : फसवणूक.

गिऱ्हाइकानं लाल मसाला बघून ऑर्डर दिली आणि हातात आला काळपट तपकिरी मसाला. मावशीचा मसाला असतोच तसा. खोबरं, कांदा, खडे मसाले चांगले खरपूस भाजले की रंग तसाच यायला हवा. पण फोटोत तो तसा नव्हता ना! मग आणखी दोन तक्रारी. खाण्याची वस्तू, म्हणजे उघडलेलं पाकीट परत घेता येत नाही. पैसे परत द्यावे लागले, मसालाही गेला.

पैशांचं मावशीला इतकं वाटलं नाही. तो एक शब्द मात्र तिच्या मनाला लागला. "बत्तीस वर्षं मसाला कुटतेय मी. गावात कुणी तोंडावर असं बोललं नाही. आणि हा कोण कुठला माणूस जगासमोर लिहून गेला..." पुढे ती बोललीच नाही. सांडगी मिरच्या वाळत टाकायच्या निमित्तानं गच्चीवर निघून गेली.

थोडक्यात काय, फोटो स्वच्छ होता, पण खरा नव्हता. आणि या दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

क्रेटचा वरचा थर

या घोळाचा अर्थ समजावला काकांनी. त्यांचा ऑनलाइनशी संबंध फक्त भजनाच्या व्हिडिओंपुरता! काका टोमॅटो लावतात आणि विकायला नेतात शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला. तिथला टोमॅटोचा बाजार राज्यभर माहीत आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं देशभर डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा याच बाजारात २० किलोचं क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेलं होतं.

"हे बघ," काका म्हणाले, "व्यापारी क्रेटपाशी येतो. वरचा थर बघतो. पण तेवढ्यावर भाव करत नाही. हात घालतो, खालचा माल वर काढतो. वर लाल आणि खाली कच्चा निघाला की त्या दिवशी भाव पडतो. आणि नाव पडतं ते कायमचं. तुमच्या ऑनलाइनमध्ये हात घालायची सोय आहे का?"

नाही ना, काका! तिथं गिऱ्हाइकाला फक्त वरचा थर दिसतो. फोटो म्हणजे क्रेटचा वरचा थर. म्हणूनच तो खालच्या मालासारखाच असायला हवा. पांढरं बॅकग्राऊंड हा काही मेकअप नव्हे. उलट आडोसाच काढून घ्यायचा आणि माल उजेडात ठेवायचा, त्यासाठी ते आहे.

आणि हा काही नुसता सज्जनपणाचा सल्ला नाही, कायदाही तेच सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. वस्तूची जाहिरात तिच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे, ही जबाबदारी त्यात विक्रेत्यावर टाकलेली आहे. दाखवल्यापेक्षा वेगळा माल गेला, तर "परत घेणार नाही" असं म्हणून हात झटकता येत नाहीत. घरगुती विक्रेता असलात तरी!

तसं बघितलं तर हा सगळा भाग व्यापारात मुरलेला. जुन्नरजवळच्या नाणेघाटातून सातवाहन काळात कोकणातल्या बंदरांचा माल देशावर चढायचा. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला रांजण आजही आहे, जकातीचा म्हणून लोक तो दाखवतात. दोन हजार वर्षं इथं गिऱ्हाइकानं माल हातात घेऊन, हुंगून, चाखून घेतला. आपल्या पिढीत पहिल्यांदा तो न शिवता घेतला जातोय. मग हाताचं काम फोटोलाच करायला नको का?

टेक थ्री : खिडकी, कार्डशीट आणि एक धोतर

शनिवारी सकाळी आम्ही स्टुडिओ उभारला. स्टुडिओ म्हणजे काय, तर माजघरातली उत्तरेची खिडकी! उत्तरेच्या खिडकीतून सहसा थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा मऊ उजेड येतो. उन्हाची खिडकी असेल तर तिच्यावर पांढरं सुती कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावा. आम्हाला काकांचं जुनं धोतर सापडलं. काकांनी थोडी कुरकुर केली, पण दिलं.

मंचरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोन मोठ्या पांढऱ्या कार्डशीट आणि थर्माकोलचा एक तुकडा आणला. एक काळी कार्डशीटही घेतली, तिची गंमत पुढे. एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत. एका पिझ्झापेक्षा स्वस्त!

टेबल खिडकीला चिकटवलं, उजेड डावीकडून येईल असं. कार्डशीटची एक बाजू टेबलावर, दुसरी मागे भिंतीवर चिकटपट्टीनं लावली. मध्ये घडी घालायची नाही, नुसता गोलाकार बाक येऊ द्यायचा. म्हणजे टेबल कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते, ही रेघ फोटोत दिसतच नाही. प्रोफेशनल स्टुडिओतही हेच करतात, फक्त त्यांचा कागद मोठ्या रोलमधून येतो.

खिडकीच्या समोरच्या बाजूला, म्हणजे वस्तूच्या उजवीकडे, थर्माकोल उभा केला. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावलीची बाजू उजळते. वस्तू मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ठेवली, म्हणजे तिची सावली बॅकग्राऊंडवर पडत नाही.

मोबाइल कशावर ठेवायचा? ट्रायपॉड असेल तर बेस्ट. नसेल तर ज्वारीच्या पिठाचा डबा आणि त्यावर दोन पुस्तकं. आमच्याकडे दहावीचं बीजगणित कामी आलं, आयुष्यात पहिल्यांदाच! दोन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबताना हात हलत नाही. आणि फोनची लेन्स पदरानं नाही, स्वच्छ मऊ कापडानं पुसून घेतली. फोटो धुरकट येण्याचं कारण बऱ्याचदा इतकंच असतं. फोन दिवसभर पर्समध्ये असतो ना!

आणखी एक. फोन वस्तूच्या अगदी जवळ नेऊ नका. मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड असते. जवळून घेतलं की पाकीट मध्ये फुगलेलं आणि कडांना वाकडं दिसतं. दोन पावलं मागे जा आणि दोनपट झूम करा. आकार सरळ येतो.

पांढरा कागद राखाडी का येतो?

पहिला फोटो काढला. कागद पांढरा, उजेड भरपूर, तरी फोटोत बॅकग्राऊंड करडं! वहिनी म्हणाल्या, "बघा, म्हणूनच अॅप बरं."

थांबा वहिनी, अॅपची गरजच नाही. कॅमेऱ्याला आपण काय ठेवलंय हे कळत नाही. समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार, असं धरून तो उजेड ठरवतो. सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला वाटतं, बापरे, फार उजेड झाला! आणि तो फोटो अंधारवतो. उपाय एकदम सोपा. स्क्रीनवर वस्तूवर बोट ठेवा, सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते हळूहळू वर सरकवा. बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये प्लस-मायनसचे आकडे असतात, तिथं प्लस ०.७ ते प्लस १.३ च्या आसपास काम होतं.

पण किती सरकवायचं? कागद पांढरा होईपर्यंत, आणि लेबलवरची अक्षरं फिकी पडायच्या आत. दोन्ही एकदम जमत नसेल, तर मागच्या कागदावर वेगळा उजेड हवा. कागद खिडकीकडे थोडा वळवा किंवा थर्माकोलचा आणखी एक तुकडा मागच्या बाजूला उजेड फेकेल असा ठेवा. शेवटचा थोडासा करडेपणा नंतर एडिटिंगमध्ये 'व्हाइट्स' वाढवून घालवता येतो. जो कागद मुळातच जवळजवळ पांढरा आलाय, तो पूर्ण पांढरा करायला वस्तूला धक्का लावावा लागत नाही. खरी मेख इथंच आहे मंडळी!

काळी वस्तू असेल तर उलटी गंमत. मावशीनं हौसेनं काळी घोंगडी आणून ठेवली. फ्रेम काळ्यानं भरली, तेव्हा कॅमेऱ्यानं ती उजळवून करडी करून टाकली. तिथं सूर्य खाली सरकवायचा.

रंगाचा मामला

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, जिथं मावशीची इज्जत अडकली होती.

वहिनींनी पहिला फोटो रात्री स्वयंपाकघरात काढला होता, पिवळ्या बल्बखाली. बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे तांबूस-पिवळा. दुपारचा दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन. आपला मेंदू हा फरक आपोआप भरून काढतो. कॅमेरा कधी भरून काढतो, कधी नाही. तपकिरी मसाला बल्बखाली आधीच लालसर आला होता, त्यात 'एन्हान्स'नं तो आणखी भडकवला. दोघांनी मिळून काळा मसाला कांदा-लसूण चटणी करून टाकला!

म्हणून नियम एक : एका वेळी एकच उजेड. खिडकीतून काढताय ना, मग घरातले सगळे दिवे बंद. ट्यूबलाइट आणि खिडकी एकत्र आली की पाकिटाची एक बाजू निळसर, दुसरी पिवळट दिसते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण फोटोत कधी कधी आडवे पट्टे उमटतात.

नियम दोन : पहिला फोटो वस्तूशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढा. एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स असा लावा की तो कागद ना पिवळा, ना निळा दिसेल. त्याच सेटिंगवर बाकीचे फोटो.

नियम तीन हा आमच्या मावशीचा, आणि तोच सगळ्यात भारी! फोटो झाला की फोन आणि मसाल्याची वाटी दोन्ही खिडकीपाशी शेजारी शेजारी धरायचे. सारखे दिसले तरच फोटो पास. पहिल्या फोटोला ती म्हणाली, "हा माझा नाही." दुसऱ्याला म्हणाली, "हा माझ्या जावेचा." पाचव्याला मान डोलावली. कुठलंही सॉफ्टवेअर इतकं कडक नसेल!

पावसाळ्यात इथं आणखी मजा. भीमाशंकरकडून ढग उतरले की अख्खं आभाळ म्हणजे एक भलामोठा सॉफ्टबॉक्स. सावल्या एकदम मऊ. फक्त उजेड थोडा निळसर असतो, व्हाइट बॅलन्स तेवढा सांभाळायचा. आणि पापडाच्या फोटोंना मात्र सुट्टी. दमट हवेत पापड मान टाकतात!

ज्याचे त्याचे नखरे

प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा. दिवसभरात आम्हाला कळलेलं हे असं...

नाचणीचे पापड : समोरून उजेड टाकला की सपाट, नुसते तपकिरी गोल. एका बाजूनं, अगदी तिरपा उजेड आला की पृष्ठभागावरचे बारीक फोड उठून दिसतात. तेच तर बघायचं असतं गिऱ्हाइकाला!

हातसडीचा तांदूळ : पांढऱ्यावर पांढरं, डोक्याला ताप. पण हातसडीच्या तांदळावर कोंड्याची किंचित तांबूस झाक असते, ती पुसू नका. ती त्याची ओळख आहे. इथं थर्माकोल काढून टाकायचा, म्हणजे दाण्यांना एका बाजूनं हलकी सावली मिळते आणि दाणा न् दाणा वेगळा दिसतो.

मधाची बाटली : काच म्हणजे आरसाच. खिडकी, मोबाइल, वहिनींची बांगडी, सगळं त्यात दिसतं. युक्ती अशी की उजेड मागून येऊ द्यायचा. मग मध आतून पेटल्यासारखा झळाळतो. पण पांढऱ्यावर काचेची कड हरवते, म्हणून बाटलीच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करायच्या. त्यांचं प्रतिबिंब काचेच्या कडेवर बारीक काळी रेघ काढतं. पेन्सिलनं आऊटलाइन काढावी तशी!

हिरडा : आंबेगाव आणि जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातलं हे मोठं वनउत्पन्न. बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा, यावर कितीतरी घरांचा उन्हाळा चालतो. काळपट, सुरकुतलेला, फोटोत पहिल्यांदा खड्यासारखा दिसला. पावडरच्या डबीसोबत दुसऱ्या फोटोत आख्खे चार हिरडे जवळून घेतले, सुरकुत्यांसकट. ओळखणारा सुरकुत्याच बघतो.

कापाकापी करायची का?

मग ती अॅप्स वाईटच का? अजिबात नाही. एके काळी फोटोशॉपमध्ये पेन टूलनं वस्तूच्या कडेकडेनं ठिपके टाकत बॅकग्राऊंड कापावं लागायचं. एका फोटोला अर्धा तास! या कटिंगवर भारतात आणि बांगलादेशात मोठा आऊटसोर्सिंगचा धंदा उभा राहिला. २०१८ च्या शेवटी रिमूव्ह डॉट बीजीसारखी सेवा आली आणि हे काम सेकंदांवर आलं. आता तर अनेक फोनमध्येच ही सोय असते.

सरळ कडांचं पाकीट, डबा, पुस्तक यांना ही जादू मस्त चालते. पण पापडाची ओबडधोबड कड, घोंगडीचे सुटे धागे, काचेची बाटली यांच्यापुढे ती गडबडते. कड खाते, धागे भादरते, काचेतून दिसणारी गोधडी तशीच ठेवते. नव्या एआय टूल्सचं तर वेगळंच. ती कापता कापता 'सुधारतात'. लेबलवरची मराठी अक्षरं बदलून भलतीच चित्रलिपी होते! म्हणून मशीननं कापलेला प्रत्येक फोटो झूम करून कडा आणि अक्षरं तपासा.

आणि खालची सावली पूर्ण पुसू नका. वस्तू जिथं टेकते तिथली हलकी सावली राहू द्या, नाहीतर पाकीट हवेत तरंगतं. मूळ फोटो जितका स्वच्छ, तितकं कापायचं काम कमी. म्हणजे कार्डशीटचे पैसे वसूल!

पण मग गोधडीचं काय?

संध्याकाळी चहा घेताना वहिनींनी विचारलं, "सगळं पांढरं करून टाकलं, मग आमचा मसाला आणि कुठल्यातरी कंपनीचा मसाला यात फरक काय दिसणार?"

प्रश्न एकदम करेक्ट! पांढरं बॅकग्राऊंड सगळ्यांना एका रांगेत उभं करतं. त्यात डोंगर जातो, चूल जाते, कुटणारा हातही जातो. आणि लोक गावाकडच्या मसाल्याला चार पैसे जास्त देतात ते याच गोष्टींसाठी.

उत्तर असं की पांढरा फोटो फक्त पहिला. बहुतेक साइट्सवर त्याच्या मागे आणखी पाच-सहा फोटो लावता येतात. तिथं गोधडी आणा, खलबत्ता आणा, मावशीचा हात आणा! पहिला फोटो सांगतो 'काय', बाकीचे सांगतात 'कुठलं' आणि 'कुणाचं'. आम्ही गोधडीवरचा तोच जुना सेट पुन्हा लावला, या वेळी खिडकीच्या उजेडात. तिसऱ्या नंबरवर तो झळकला.

यात एक गमतीशीर योगायोग आहे. ज्या जुन्नरच्या शेजारी आम्ही पांढऱ्या कागदावरून इतकं डोकं लावत होतो, ते जुन्नर एके काळी कागदासाठीच प्रसिद्ध होतं. जुन्नरी हातकागद मराठी दप्तरांत वापरला जायचा. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्येही जुन्नरच्या कागद बनवणाऱ्या कारागिरांची नोंद आहे. तो कागद आपल्या कार्डशीटसारखा झगझगीत पांढरा नसायचा, पण त्यावर लिहिलेला शब्द टिकायचा. आपल्या पांढऱ्या कागदावरही शब्दच द्यायचा असतो ना, गिऱ्हाइकाला?

झटपट टिप्स

• सकाळी दहा ते दुपारी तीनचा उजेड वापरा. सगळा माल एकाच बैठकीत काढा, म्हणजे फोटो एका घरचे वाटतात.

• टेबलावर फोनची आणि वस्तूची जागा चिकटपट्टीनं आखून ठेवा. प्रत्येक पाकीट तिथंच. सगळी उंची सारखी येते.

• फोटो चौकोनी कापा. वस्तू मध्यभागी, चारही बाजूंना थोडी मोकळी जागा.

• पाकीट सुरकुतलेलं नको. आतला मसाला हातानं सारखा करा, धूळ कोरड्या ब्रशनं झटका.

• एका फोटोत आकार कळू द्या. पाकीट हातात धरलेलं किंवा शेजारी चमचा. 'एवढंसंच आलं' ही तक्रार वाचते.

• पाकिटाच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो हवाच. वजन, एमआरपी, घटक, पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर वाचता आला पाहिजे.

• फिल्टर, ब्युटी मोड, एन्हान्स... सगळं बंद!

• मूळ फोटो डिलीट करू नका. तक्रार आली तर तोच तुमचा साक्षीदार.

तो एक स्टार

रविवारी दुपारी नवे फोटो चढवले. साइटनं पास केले. त्यानंतर वहिनींनी त्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूखाली उत्तर लिहिलं. मावशी सांगत होती, वहिनी टाइप करत होत्या : 'तुमचं बरोबर आहे. फोटोत रंग चुकला होता. मसाला काळाच असतो, खोबरं भाजल्यामुळे. फोटो बदलला आहे. चूक आमची.'

मी म्हटलं, "मावशी, चूक आमची असं कशाला लिहायचं? अॅपची चूक म्हण."

"अॅपला कोण ओळखतंय इथं?" मावशी म्हणाली. "पाकिटावर नाव माझं आहे."

तो स्टार काही वाढला नाही. त्या गिऱ्हाइकाचं उत्तरही आलं नाही. पण त्या रात्री पुण्याला निघताना मावशीनं नेहमीसारखं मसाल्याचं पाकीट माझ्या बॅगेत कोंबलं आणि मग फोन उघडून स्वतःच्या दुकानाचं पेज दाखवलं. पांढऱ्याशुभ्र पानावर, कुठलाही मळकट चौकोन नसलेला, काळपट तपकिरी मसाला.

"आता कसं," ती म्हणाली, "हा माझाच."